केराबाई

न्हावा-शेव्याहून कंटेनर आला की
मी आधी कागद बघतो, मग कागद.
पहिला शिक्क्याचा. माल: मिश्र रद्दी कागद,
वजन चोवीस टन,
उगम: एक थंड, टापटीप देश.
दुसरा आतला. तो दार उघडताच
आधी नाकाला कळतो.

शिळफाट्याच्या अलीकडे, पत्र्याच्या गोदामात
अकरा बाया गठ्ठे सोडतात.
मी वजनकाट्याशी. वही माझी.
तीन रकाने: कागद, प्लास्टिक, घट.
घट म्हणजे जे कुणीच विकत घेत नाही
आणि कुणीच परत घेत नाही.

केराबाई उफाडे सगळ्यांत जुनी.
परळीच्या अंगाची.
आधीची तीन गेली, म्हणून आईनं हिला
सुपात घालून उकिरड्यावर ठेवली.
शेजारणीनं उचलली,
आईनं पसाभर जोंधळ्याला परत घेतली
आणि नाव ठेवलं केरा.
"केर कोण नेतंय?" ती म्हणते,
"मरणबी नाक दाबून फुडं जातं."

हे तिला मी कधी बोललो नाही, की
तुझ्या आईनं पोरीला केर म्हटलं
ती राहावी म्हणून,
आणि त्यांनी केराला कागद म्हटलं
तो जावा म्हणून.

मंगळवारी गठ्ठ्यातून निघालं:
फुगलेले डायपर, मांजराच्या खाण्याची पाकिटं,
कुठल्या शाळेचं पत्रक
(हिरवी पृथ्वी, तिला हात-पाय, हसतेय)
आणि दह्याचा एक डबा, झाकणासकट,
आतून लख्ख धुतलेला.

केराबाईनं तो उजेडात धरला. हुंगला.
"ह्ये कुणी घासलं?"
तिकडे नियम आहे, म्हटलं. धुऊन टाकायचं.
"नळाच्या पाण्यानं?"
हो.
"प्यायच्या?"
त्यांच्या नळाला दुसरं येतच नाही.

बराच वेळ गप्प. तिच्या वस्तीत
टँकर दिवसाआड, आला तर.
मग म्हणाली,
"मयताला घालत्यात की आंगूळ,
उंबऱ्याभाईर काढायच्या आदी.
मागं फिरून येऊ नये म्हून."

मला हसू आलं नाही.
मी नेरूळला राहतो. आमच्याही सोसायटीत
डबे दोन, हिरवा आणि निळा.
बायको दुधाच्या पिशव्या विसळून
गॅलरीत चिमट्यांना लावते.
सकाळी सातला घंटागाडी, आणि मग
दिवसभर आम्ही स्वच्छ.
गाडी कुठे जाते ते मला ठाऊक आहे:
तुर्भ्याच्या बाजूला एक टेकडी आहे,
शाळेच्या नकाशात नसलेली.
तिच्या कडेला केराबाईची खोली.
म्हणजे दिवसा ती त्यांचं निवडते
आणि रात्री
आमच्या वाऱ्यावर झोपते.

त्या दिवशी घट भरली अडतीस टक्के.
शेठ म्हणाले, अकरा लिही.
मी अकरा लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.
उरलेलं अंधार पडल्यावर
भिंतीमागे पेटतं,
आणि धुराच्या पावतीवर
उगम लिहायची जागा नसते.

सुट्टीच्या वेळी बघितलं:
पिंपाशी केराबाई, हातात तोच डबा.
अर्धाच भरला.
वाकून आधी एक हात, मग दुसरा,
मनगटापर्यंत, सावकाश,
आणि हातांवरून निथळणारं पाणी
पायांवर पडेल अशी उभी.
मग डबा पदरानं पुसून पिशवीत टाकला.

वहीत त्याचं वजन
मी कुठल्याच रकान्यात धरलं नाही.